द गॉल दोनदा सत्ता सोडून घरी गेले, त्याचे मोल किती?

जुनी_वही

दुसऱ्या महायुद्धातील नेत्यांविषयी मराठीत लिहिले-बोलले जाते तेव्हा चर्चा चर्चिल, स्टालिन, रूझवेल्ट आणि हिटलर यांच्यापाशीच थांबते. शार्ल द गॉल हे नाव, जे आपल्या वृत्तपत्रांनी चार्ल्स द गॉल असे रूढ केले, बहुतेकांना पॅरिसच्या विमानतळामुळे ठाऊक असते. गेले वर्षभर मी त्यांच्याविषयी सलग वाचत आहे आणि दर वेळी एकाच विचारापाशी येऊन थांबते आहे, म्हणून हा धागा.

फ्रान्स जर्मनीपुढे कोसळत असताना लढा चालू ठेवा, असे १८ जून १९४० रोजी लंडनहून बीबीसीवर केलेल्या आवाहनाने त्यांना इतिहासात आणले, हे सर्वमान्य आहे. परंतु मला त्याहून मोठ्या वाटतात त्या तारखा निराळ्या आहेत. २० जानेवारी १९४६ रोजी, पॅरिस मुक्त होऊन दीड वर्षही झाले नसताना, हंगामी सरकारचे प्रमुखपद त्यांनी आपणहून सोडले. पुढे २८ एप्रिल १९६९ रोजी, सार्वमतात हरल्याच्या दुसऱ्याच दिवशी, मुदतीची साडेतीन वर्षे हातात असताना त्यांनी राष्ट्राध्यक्षपदही सोडले. दोन्ही वेळा ते कोलोंबे-ले-द्यूझ-एग्लीझ या लहानशा खेड्यातील आपल्या घरी परतले.

युद्धात देशाला तारणारा माणूस नंतर देशाच्या मानेवर बसत नाही, ही गोष्ट विसाव्या शतकात किती दुर्मीळ आहे! त्यामुळे त्यांचे खरे मोठेपण १८ जूनमध्ये नसून या दोन तारखांमध्ये आहे, असे माझे मत झाले आहे. आपल्याला काय वाटते?

राजगडी

ताई, विषय उत्तम निवडला आहे, पण १९४६ ची गोष्ट आपण फार उजळ करून सांगितली आहे, असे नम्रपणे नोंदवतो. एक दुरुस्ती आधी करतो. १९४६ च्या जानेवारीत ते थेट कोलोंबेला गेले नव्हते. त्यांच्या घराची युद्धात पडझड झाली होती, म्हणून ते काही महिने पॅरिसजवळच्या मार्ली येथे राहिले आणि मेअखेरीस गावी गेले. हा तपशील किरकोळ वाटेल, पण त्या काळात त्यांच्या मनात काय होते हे त्यातून कळते. राजकीय पक्षांची भांडणे पाहून ते वैतागले होते, आणि आपण बाजूला झालो की देश काही आठवड्यांतच आपल्याला परत बोलावील, असा त्यांचा अंदाज होता. ते बोलावणे यायला बारा वर्षे लागली. दरम्यान १९४७ मध्ये त्यांनी स्वतःचा राजकीय पक्षही काढला. तेव्हा १९४६ चा राजीनामा हा त्याग नव्हता. तो एक डाव होता आणि तो फसला.

१९६९ विषयी मात्र मी आपल्याशी सहमत आहे.

जुनी_वही

राजगडी, मार्लीविषयीची दुरुस्ती मान्य आहे. "डाव" हा शब्द मला थोडा कठोर वाटतो, कारण डाव फसल्यावर बारा वर्षे बाहेर राहणेही सोपे नसते. पण विचार करते.

शब्दवेडा

माझ्या मते १८ जूनला दुय्यम मानणे हा अन्याय होईल, कारण त्या दिवशी हा माणूस किती एकटा होता याची आज आपल्याला कल्पना येत नाही. वय ४९ वर्षे. हंगामी ब्रिगेडियर जनरल. मंत्रिमंडळात दुय्यम दर्जाचे पद, तेही दोन आठवड्यांपेक्षा कमी काळ. लंडनमध्ये उतरले तेव्हा त्यांच्यापाशी सैन्य नव्हते, पैसा नव्हता आणि कोणताही कायदेशीर अधिकार नव्हता. समोर होते जर्मनीकडे युद्धबंदी मागणारे फ्रान्सचे नवे सरकारप्रमुख मार्शल पेतँ, म्हणजे पहिल्या महायुद्धातील लढाईत व्हर्दँ शहर राखणारे, साऱ्या देशाने आजोबांसारखे मानलेले वृद्ध सेनानी. याच पेतँ यांच्या हाताखाली १९१२ मध्ये आरास येथील पायदळाच्या ३३ व्या रेजिमेंटमध्ये तरुण द गॉल यांची नोकरी सुरू झाली होती. आपल्या पहिल्या कर्नलच्या विरोधात उभे राहायचे, आणि तेही परदेशी नभोवाणीवरून, याला किती धैर्य लागले असेल!

ते भाषण त्या संध्याकाळी फार थोड्या लोकांनी ऐकले. त्याचे ध्वनिमुद्रणही जपले गेले नाही. आपण ज्याचा आवाज ऐकतो ते २२ जूनचे निराळे भाषण आहे. ऑगस्टमध्ये पेतँ यांच्या राजवटीच्या लष्करी न्यायालयाने त्यांना गैरहजेरीत देहदंडाची शिक्षा सुनावली. म्हणजे घर, हुद्दा, देश, सारेच गेले. सत्ता सोडायला आधी ती मिळवावी लागते, आणि त्यांनी ती शून्यातून उभी केली.

अश्विनी_द

शब्दवेडा यांच्या प्रतिसादाला जोड म्हणून सांगते. १९४५ च्या ऑगस्टमध्ये पेतँ यांना देहदंड झाला तेव्हा तो बदलून आजन्म कारावासात रूपांतरित केला तो द गॉल यांनीच. वयोवृद्ध गुरूला फासावर न देण्याचा हा निर्णय मला त्यांच्या साऱ्या भाषणांपेक्षा अधिक बोलका वाटतो.

माळरान

"शून्यातून उभी केली" या शब्दांपाशी थोडे थांबूया. ते शून्य भरले कोणी? १९४० च्या ऑगस्टमध्ये चाड या आफ्रिकी वसाहतीचे गव्हर्नर फेलिक्स एबुए यांनी द गॉल यांच्या बाजूने कौल दिला, आणि त्यानंतरच स्वतंत्र फ्रान्सला, म्हणजे द गॉल यांच्या चळवळीला, पाय टेकायला भूमी मिळाली. एबुए स्वतः दक्षिण अमेरिकेतील फ्रेंच गयानात जन्मलेले कृष्णवर्णीय प्रशासक होते. मग कॅमेरून आणि काँगो आले, आणि ब्राझाव्हिल ही या चळवळीची आफ्रिकेतील राजधानी झाली. पहिली काही वर्षे द गॉल यांचे सैन्य मोठ्या प्रमाणावर वसाहतींतील माणसांचे होते. या माणसांचे ऋण कसे फेडले गेले, हे या धाग्यात यायलाच हवे. १ डिसेंबर १९४४ रोजी सेनेगलमधील थियारोय येथे, जर्मन कैदेतून सुटून आलेल्या आणि आपला थकलेला पगार मागणाऱ्या आफ्रिकी सैनिकांवर फ्रेंच सैन्यानेच गोळ्या झाडल्या. तेव्हा सरकारचे प्रमुख द गॉल होते.

दक्षिणवासी

वसाहतींचा विषय निघालाच आहे म्हणून आपल्या बाजूची गोष्ट सांगतो. नोकरीमुळे मी सहा वर्षे पाँडिचेरीत राहिलो. १९४० च्या सप्टेंबरमध्ये तेथील गव्हर्नर लुई बोनव्हँ यांनी पेतँ यांचे व्हिशी सरकार नाकारून द गॉल यांच्या पक्षात जाण्याचे जाहीर केले. चहूबाजूंनी ब्रिटिश हिंदुस्थान असताना दुसरा मार्ग फारसा सोयीचाही नव्हता, हे मान्य. तरीही द गॉल यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या पहिल्या काही वसाहतींत आपल्या भूमीवरचे हे एक शहर होते, हे आपल्याकडे क्वचितच कोणाला ठाऊक असते.

पाँडिचेरीचा प्रत्यक्ष ताबा भारताला १ नोव्हेंबर १९५४ रोजी मिळाला आणि हस्तांतराचा करार २८ मे १९५६ रोजी झाला, तरी फ्रेंच संसदेने त्याला मंजुरी दिली ती थेट १९६२ मध्ये. अल्जीरिया स्वतंत्र होईपर्यंत तो विषय पॅरिसमध्ये रखडला आणि अल्जीरियाचा प्रश्न सुटताच तो मार्गी लागला. १६ ऑगस्ट १९६२ रोजी पाँडिचेरी कायद्यानेही भारताची झाली, तेव्हा राष्ट्राध्यक्ष द गॉलच होते. तिथे दर वर्षी १६ ऑगस्टला हा दिवस पाळला जातो. त्या सहा वर्षांत माझ्या शेजारी फ्रेंच सैन्यातून निवृत्त झालेले एक तमिळ आजोबा राहात, आणि ते १४ जुलैला पदके लावून समुद्रकिनाऱ्यावरच्या युद्धस्मारकापाशी जात. तो दिवस आला की ते सकाळपासून कोणाशीही फारसे बोलत नसत.

निळी_शाई

दक्षिणवासी, ही माहिती अगदी नवीन होती. मनापासून आभार.

किनारा

पाँडिचेरीची तारीख वाचून आम्हा गोंयकारांना सालाझार आठवल्याशिवाय राहात नाही. पोर्तुगाल युद्धात तटस्थ होते, पण सालाझार १९३२ पासून सत्तेवर होते. युद्ध संपले, युरोपचा नकाशा बदलला, तरी ते १९६८ मध्ये मेंदूला इजा होईपर्यंत तिथेच राहिले. भारताने चर्चेचा मार्ग अनेक वर्षे उघडा ठेवला, पण गोवा हा पोर्तुगालचाच प्रांत आहे, हे त्यांचे म्हणणे तसूभरही हलले नाही. शेवटी १९ डिसेंबर १९६१ रोजी सैनिकी कारवाईने गोवा मुक्त झाला आणि पोर्तुगालने ते मान्य केले १९७४ मध्ये, सालाझार यांची राजवट कोसळल्यानंतर.

माझे आजोबा सत्याग्रहाच्या काळात दोन वर्षे तुरुंगात होते. घरात लहानपणापासून ऐकलेले वाक्य असे, की "सोडून जाण्याचीही अक्कल लागते." अंगोला, गिनी आणि मोझांबिक येथे पोर्तुगालने १९७४ पर्यंत युद्धे लढवली, आणि अल्जीरियातून द गॉल यांनी १९६२ मध्ये पाय काढून घेतला. त्या बारा वर्षांत किती माणसांचे जीव गेले असतील, याचा विचार केला की धागाकर्तीचा मुद्दा मला पटतो. फक्त मी तो सत्तेऐवजी वसाहतीविषयी मांडेन.

माळरान

किनारा, आपल्या आजोबांच्या वाक्याला मान देऊनही मला असहमती नोंदवावी लागत आहे. "पाय काढून घेतला" म्हणताना तो कसा काढला, हे पाहायला हवे.

८ मे १९४५ रोजी, म्हणजे युरोपात विजयदिन साजरा होत होता त्याच दिवशी, अल्जीरियातील सेतिफ येथे स्वातंत्र्याची मागणी करणारा मोर्चा दडपण्यात आला. त्यात युरोपीय वसाहतवाल्यांवर हल्ले झाले, आणि त्यानंतरच्या आठवड्यांत फ्रेंच सैन्याने हजारो अल्जीरियन लोकांना मारले. सरकार द गॉल यांचे होते. १९५८ मध्ये ते सत्तेवर परतले तेच मुळी अल्जीयर्समधील लष्करी उठावाच्या दबावाखाली. कॉर्सिका बेट पॅराशूट सैनिकांनी ताब्यात घेतले होते आणि पॅरिसवर सैनिक उतरतील अशी भीती होती. ४ जून १९५८ रोजी अल्जीयर्समध्ये त्यांनी गर्दीला सांगितले, की मला तुमचे म्हणणे समजले आहे. त्या चौकातील प्रत्येकाने त्याचा आपल्याला हवा तसा अर्थ लावला. त्यानंतर अल्जीरियाचे स्वातंत्र्ययुद्ध आणखी जवळजवळ चार वर्षे चालले.

१७ ऑक्टोबर १९६१ रोजी खुद्द पॅरिसमध्ये संचारबंदीविरुद्ध शांतपणे चालत निघालेल्या अल्जीरियन लोकांवर पोलीस तुटून पडले आणि अनेकांची प्रेते सेन नदीत टाकली गेली. पोलीसप्रमुख मोरिस पापों होते, व्हिशीच्या काळात बोर्दोमधून ज्यू कुटुंबांना पाठवून देणारे अधिकारी, ज्यांना त्या गुन्ह्यासाठी १९९८ मध्ये शिक्षा झाली. द गॉल यांनी त्यांना त्या रात्रीनंतरही पदावर ठेवले.

आणि हर्की! फ्रान्सच्या बाजूने लढलेले हे अल्जीरियन मुस्लिम सैनिक. हे युद्ध थांबवणाऱ्या मार्च १९६२ च्या एव्हियाँ करारानंतर त्यांची शस्त्रे काढून घेतली गेली आणि बहुतेकांना मागे सोडण्यात आले. हजारोंची हत्या झाली. जे फ्रान्सला पोहोचले त्यांना तारेच्या कुंपणातील छावण्यांत ठेवले गेले. त्यांची क्षमा फ्रान्सच्या राष्ट्राध्यक्षांनी मागितली ती २०२१ मध्ये. सोडून जाण्याची अक्कल लागते हे खरे, पण आपल्यासाठी लढलेल्या माणसाला दाराबाहेर ठेवून जाणे याला मी मोठेपण म्हणू शकत नाही.

राजगडी

माळरान यांच्या प्रतिसादातील एकही गोष्ट नाकारता येत नाही. हर्कींचे प्रकरण हा द गॉल यांच्यावरचा न पुसणारा डाग आहे. तरीही एक प्रश्न उरतो. दुसऱ्या कोणाला हे युद्ध थांबवता आले असते का? फ्रान्सच्या चौथ्या प्रजासत्ताकात (१९४६-५८) बारा वर्षांत वीसहून अधिक सरकारे आली आणि गेली. त्यांतील एकालाही अल्जीरियाचे नाव स्वातंत्र्याशी जोडण्याचे धैर्य झाले नाही. १६ सप्टेंबर १९५९ रोजी द गॉल यांनी स्वयंनिर्णयाचा शब्द उच्चारला, तो ज्या सैन्याने त्यांना सत्तेवर आणले त्याच सैन्याच्या विरोधात जाऊन.

एप्रिल १९६१ मध्ये चार जनरलांनी अल्जीयर्समध्ये बंड केले. २३ एप्रिलच्या संध्याकाळी द गॉल जुना लष्करी गणवेश घालून दूरचित्रवाणीवर आले, बंडखोरांचे हुकूम मानू नका असे त्यांनी सैनिकांना बजावले आणि शेवटी देशवासीयांना उद्देशून "मला मदत करा" असे शब्द वापरले. अल्जीरियातील सक्तीच्या भरतीच्या पोरांनी ते भाषण बराकींत ट्रान्झिस्टरवर ऐकले आणि वरिष्ठांच्या आज्ञा पाळण्याचे थांबवले. काही दिवसांत बंड कोसळले. १९४० मध्ये नभोवाणीवरून बोलणाऱ्या माणसाने एकवीस वर्षांनी पुन्हा आवाजाच्या बळावर सैन्य फिरवले. २२ ऑगस्ट १९६२ रोजी पती-क्लामार येथे त्यांच्या सिट्रोएन मोटारीवर गोळ्यांचा वर्षाव झाला. टायर फुटले, पण ते आणि त्यांच्या पत्नी वाचले. आपल्याच पूर्वीच्या समर्थकांची गोळी झेलण्याची वेळ येते तेव्हा त्या निर्णयाची किंमत नेत्यानेही मोजलेली असते.

माळरान

नेता वाचला आणि हर्की वाचले नाहीत, इतकेच म्हणतो. बाकी १९५९ च्या भाषणाविषयी सहमत.

अश्विनी_द

चर्चा अल्जीरियावर एकवटली आहे, ते योग्यच आहे, पण वारसा म्हणून काही गोष्टी राहून जाऊ नयेत. फ्रेंच स्त्रियांना मतदानाचा हक्क मिळाला तो २१ एप्रिल १९४४ च्या वटहुकमाने, अल्जीयर्समधून, द गॉल यांच्या राष्ट्रीय मुक्ती समितीकडून, जी पुढे हंगामी सरकार झाली. त्यांनी पहिल्यांदा मत दिले २९ एप्रिल १९४५ रोजी, नगरपालिकांच्या निवडणुकीत. १७८९ च्या क्रांतीचा देश, आणि अर्धी लोकसंख्या दीडशे वर्षे मताविना! आपल्या मुंबई प्रांतात मर्यादित प्रमाणात का होईना, स्त्रियांना मताधिकार १९२१ मध्येच मिळाला होता. ऑक्टोबर १९४५ मध्ये सामाजिक सुरक्षेची व्यवस्था उभी राहिली, आणि आजारपणात फ्रेंच माणूस आजही तिच्यावर विसंबतो. ही पायाभरणी १९४६ च्या राजीनाम्याआधीच्या अवघ्या पावणेदोन वर्षांतली आहे.

शब्दवेडा

थोडे हलके बोलण्याची परवानगी असावी. चीजचे दोनशे सेहेचाळीस प्रकार असलेल्या देशावर राज्य कसे करायचे, हा द गॉल यांचा प्रसिद्ध उद्गार सगळीकडे वाचायला मिळतो. मी पाच ठिकाणी वाचला आणि चार ठिकाणी आकडा निराळा होता. आकडा वाढत जातो तसा देश राज्य करायला अधिक कठीण होत जातो, असे समजायला हरकत नाही. लोणच्यांचे प्रकार मोजले तर आपले काय होईल, याचा विचार निळी_शाई यांनी करावा, कारण पाककृतींच्या धाग्यांवर त्यांचा अधिकार मोठा आहे.

निळी_शाई

शब्दवेडा, लोणच्यांची मोजदाद मी आनंदाने करीन, पण आज मला दुसरेच लिहायचे आहे. बराच वेळ लिहू की नको या विचारात होते.

द गॉल यांची धाकटी मुलगी ॲन १९२८ मध्ये जन्मली, तिला डाउन सिंड्रोम होता. त्या काळी युरोपातील प्रतिष्ठित घरांत अशा मुलांना गुपचूप संस्थेत ठेवून देत. या दांपत्याने तिला कधीही दूर केले नाही. लंडनच्या निर्वासित काळातही ती त्यांच्यासोबत होती. जगाशी ताठ मानेने वागणारा हा उंच, अबोल माणूस तिच्यासाठी गाणी म्हणे आणि तिला मांडीवर घेऊन बसे. ॲन फेब्रुवारी १९४८ मध्ये विसाव्या वर्षी न्यूमोनियाने गेली. तिच्या नावाने पती-पत्नींनी अशा मुलींसाठी संस्था काढली होती, आणि ती आजही काम करते.

माझा मुलगा एकोणीस वर्षांचा आहे आणि त्यालाही डाउन सिंड्रोम आहे. तो तीन वर्षांचा असताना एका शाळेच्या दारातून आम्हाला परत पाठवले होते, त्या संध्याकाळी मला पहिल्यांदा या मुलीविषयी कळले. जुनी_वही, आपण विचारले की ते घरी गेले त्याचे मोल किती. १९४६ मध्ये ते घरी गेले तेव्हा ॲनच्या आयुष्याची दोनच वर्षे उरली होती. ते डाव म्हणून गेले असतील, वैतागून गेले असतील, पण ती दोन वर्षे तिला वडील घरी मिळाले. माझ्यापुरते त्याचे मोल मला ठाऊक आहे.

राजगडी

निळी_शाई, "डाव" हा शब्द मी वापरला होता. राजकारणाच्या अंगाने तो मला अजूनही बरोबर वाटतो, पण त्या घरात कोण वाट पाहात होते, याचा मी विचारच केला नव्हता. आपण लिहिलेत हे फार चांगले झाले.

जुनी_वही

सर्वांचे प्रतिसाद दोनदा वाचले.

माझ्या मूळ म्हणण्यात बदल करावा लागेल. १९४६ आणि १९६९ यांना मी एकाच मापाने मोजले, ते चुकले. १९६९ मध्ये प्रादेशिक रचना आणि सिनेट यांच्या सुधारणेवरचे सार्वमत ५२ टक्क्यांहून अधिक नकारांनी फेटाळले गेले. राजीनामा देण्याचे कायदेशीर बंधन नव्हते. मे १९६८ च्या विद्यार्थी आणि कामगार आंदोलनानंतर जूनमधील निवडणुकीत त्यांच्या पक्षाला प्रचंड बहुमत मिळालेले होते, त्यामुळे संसदही त्यांच्याच बाजूची होती. तरीही त्यांनी दोन छोट्या वाक्यांचे निवेदन दिले: मी राष्ट्राध्यक्षपदाचे काम थांबवत आहे, हा निर्णय आज दुपारी बारापासून लागू होईल. कारण नाही, तक्रार नाही, निरोपाचे भाषण नाही. लोकांचा "नाही" त्यांनी जसाच्या तसा स्वीकारला, आणि मला जे म्हणायचे होते ते याच दिवसाविषयी होते.

माळरान यांनी हर्कींविषयी लिहिलेले मात्र मनातून जात नाही. सोडून जाणाऱ्याची बाजू मी वर्षभर वाचत राहिले. ज्यांना सोडले त्यांची बाजू आता वाचायला घेते. माळरान, काही सुचवता आले तर जरूर सुचवा.

एक साधा प्रश्नही आहे. कोलोंबेला जाता येते का? कोणी गेले आहे का?

माळरान

निरोप पाठवतो, ताई. बरेच आहे.

लिओनवासी

मी गेलो आहे, म्हणून उत्तर देतो. पॅरिसहून रेल्वेने बार-स्यूर-ओब या स्थानकावर उतरायचे, तेथून गाव सुमारे १५ किलोमीटरवर आहे. स्वतःची गाडी असल्यास उत्तम, कारण आडगाव आहे. टेकडीवरचा लोरेनचा भव्य क्रूस, जो स्वतंत्र फ्रान्सचे चिन्ह होता, दूरवरून दिसतो. त्याची उंची ४४ मीटरच्या आसपास आहे आणि तो त्यांच्या मृत्यूनंतर १९७२ मध्ये उभारला. घर पाहता येते. ज्या कोपऱ्यातील बुरुजासारख्या खोलीत बसून त्यांनी युद्धाच्या आठवणी लिहिल्या, तिच्या खिडकीतून शेते आणि रान यांखेरीज काहीही दिसत नाही.

कबर चर्चच्या अंगणात आहे. १९५२ मध्येच त्यांनी लिहून ठेवले होते, की सरकारी इतमाम नको, राष्ट्राध्यक्ष नको, मंत्री नको, संगीत नको, भाषणे नकोत, आणि कबर तीच असावी जिथे माझी मुलगी ॲन आधीच विसावली आहे आणि जिथे एक दिवस माझी पत्नी विसावेल. ९ नोव्हेंबर १९७० च्या संध्याकाळी ते घरीच गेले. जगभरचे राष्ट्रप्रमुख पॅरिसच्या नोत्र-दामला जमले, आणि इकडे गावातील तरुणांनी शवपेटीला खांदा दिला. मी नोव्हेंबरात गेलो होतो, बारीक पाऊस होता. दगडावर त्यांच्या नावापुढे १८९०-१९७० एवढेच आहे. बाजूला ॲनचे नाव आहे, आणि तिच्या दगडापाशी कोणीतरी लहान मुलाच्या हातची वाटावीत अशी रानफुले ठेवली होती.

निळी_शाई

लिओनवासी, तेथे पायऱ्या किती आहेत हे कृपया कळवाल का? माझ्या मुलाला पायऱ्या उतरताना आधार लागतो. पुढच्या वर्षी त्याला घेऊन जाण्याचे मनात आहे.